मधला पट्टा

वजनमापांचे निरीक्षक आयुष्यभर एकच वाक्य वापरत आले होते. "माझ्या मापात पाप नाही." दुकानदाराच्या काट्याला सील ठोकताना ते हे म्हणत, बायकोने चहात साखर किती घालू विचारलं तरी म्हणत, आणि टेनिस खेळताना आपला बॉल रेषेबाहेर वीतभर पडला की तो आतच होता हे पटवतानाही म्हणत. त्यांच्या खिशात कायम एक पोलादी टेप असे. क्लबच्या खुर्च्या, कोर्टाच्या रेषा, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळ्यांना तो लावून झाला होता. कुठे काही केसभर कमी निघालं की साहेबांचा दिवस चांगला जाई.

असा हा मोजूनमापून जगणारा माणूस डबल्सच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच फेरीत हरून घरी येत असे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, लागोपाठ चार. कारण दरवर्षी एकच. पार्टनर.

पहिला पार्टनर शाळेत शिक्षक होता. तो जाळीजवळ उभा असताना साहेबांची सर्व्हिस त्याच्या मानेवर बसली, आणि साहेबांनी त्यालाच विचारलं, "तिथे कशाला उभा होतास?" दुसरा वायरमन. त्याने टेनिस सोडलं आणि तो बुद्धिबळ खेळायला लागला. तिसऱ्याची पाठ धरली, आणि साहेबांची जोडी सुटल्याबरोबर ती आपोआप बरी झाली. चौथ्याने क्लबच बदलला. साहेबांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली आणि दुसरीही जाळीत गेली, म्हणजे डबल फॉल्ट होऊन पॉइंट गेला, की ते रॅकेट खाली करून पुढे उभ्या असलेल्या पार्टनरच्या पाठीकडे रोखून बघत राहत. तो बिचारा वळून "सॉरी" म्हणेपर्यंत बघत राहत. चूक साहेबांची आणि माफी पार्टनरची, अशी ती जोडी असायची.

क्लब लहान. कोर्टं दोनच, म्हणून सिंगल्सला मनाई होती. जोडी असेल त्याने खेळायचं, नसेल त्याने बाकावर बसून दुसऱ्यांचं बघायचं. यंदा नोटीस बोर्डावर स्पर्धेचा कागद लागला तेव्हा साहेबांनी सगळ्यांत आधी आपलं नाव लिहिलं. शेजारची जागा बारा दिवस कोरी राहिली. लोक येता-जाता ती जागा बघून गालातल्या गालात हसत आणि खाली आपापल्या जोड्या लिहून जात. साहेब रोज कॉलर नीट करायच्या निमित्ताने बोर्डाच्या काचेसमोर उभे राहत.

खरं सांगायचं तर ह्या माणसाचं जगात कशावर मनापासून प्रेम असेल तर ते टेनिसवर होतं. बॉल रॅकेटच्या बरोबर मधोमध बसला की त्यांच्या कपाळावरची आठी जाई, आणि ती गेलेली घरच्यांनी फक्त तेव्हाच पाहिली होती. त्या कोऱ्या जागेकडे बघितलं की यंदा खेळायलाच मिळणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण सांगणार कोणाला? ज्यांना सांगावं अशा सगळ्यांना त्यांनी आधीच गाढव म्हणून ठेवलं होतं.

शेवटी बायकोला दया आली. तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. धाकटीचा नवरा, म्हणजे साहेबांचा साडू, बेकरी चालवायचा आणि त्याच क्लबात खेळायचा. त्याच्या नेहमीच्या पार्टनरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे यंदा तो मोकळा होता.

"एकदाच हं ताई," धाकटी म्हणाली. "आणि पहिल्या फेरीत हरले तर पुन्हा कधी विचारायचं नाही. तुझ्यासाठी हो म्हणतेय. भाऊजींसाठी नाही."

"अगं, त्यांच्यासाठी मीसुद्धा म्हटलं नसतं," ताई म्हणाली.

धाकटीच्या रागाला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी बेकरीतल्या काट्याची स्प्रिंग सैल पडली आणि पावामागे वीस ग्रॅम कमी भरायला लागलं. साडूच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. साहेब तपासणीला गेले, त्यांच्या लक्षात आलं. आत बसून चहा पिता पिता सांगितलं असतं तरी काम झालं असतं. साहेबांनी काय करावं? गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना पाव हातात उंच धरला, वजन मोठ्याने वाचून दाखवलं आणि काट्याला सील ठोकलं. पुढे कित्येक महिने लोक पाव पिशवीत टाकण्याआधी हातात तोलून बघत होते. घरात चार माणसं जमली की साहेब अजूनही तो किस्सा सांगत, आणि शेवटी म्हणत, "नातं घरी. मापात पाप नाही."

"बेकरीवाला?" पार्टनर कोण हे कळल्यावर ते म्हणाले. "त्याला रॅकेट आणि लाटणं ह्यातला फरक तरी कळतो का?" अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. साहेबांनी पाय धरले, पण गाढव म्हणायचं काही सोडलं नाही. कोऱ्या जागेत साडूचं नाव लिहिलं, तेही आपल्यापेक्षा बारीक अक्षरात.

सरावाला सहा आठवडे होते आणि सरावाची जागा ठरलेली होती, मागचं कोर्ट. पुढच्या कोर्टावर लोक बघत बसतात, त्याने एकाग्रता मोडते, असं साहेबांचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी मागच्या कोर्टाची जाळी वाऱ्याने फडफडत होती. टेनिसच्या जाळीला मधोमध एक पट्टा असतो, तो तिला खाली जमिनीशी बांधून ठेवतो. तो चामडी पट्टा साहेबांनी तेव्हा स्वतःच्या हाताने करकचून ओढला, पार शेवटच्या भोकात अडकवला, आणि कोर्टवाल्याला बजावलं, "ह्याला कोणी हात लावायचा नाही." कोर्टवाल्याने लावला नाही. तेव्हापासून त्या कोर्टावर साहेब म्हणजे वाघ. शंभर सर्व्हिस केल्या तर ऐंशी आत. स्पर्धा पुढच्या कोर्टावर असायची, तिथे त्याच वाघाची शेळी व्हायची. पुढच्या कोर्टाची मातीच वाईट, असं साहेबांचं ठाम मत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना पाठ होती, पण ती दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी.

पहिल्या दिवशी सकाळी साहेब पोचले तेव्हा साडू आधीच येऊन जाळीपाशी वाकला होता. त्याची पहिली भट्टी पहाटेच उतरायची, दुसरी धाकटी बघायची.

"लवकर येऊन काय करतोस? जाळी विणतोस?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही दादा. पाला अडकला होता."

"मी सर्व्हिस करणार, तू रिटर्न करायचे. तुझी सर्व्हिस बघायला माझ्याकडे वेळ नाही."

"बरं, दादा."

साडूचा रिटर्न बघून साहेबांना हसू आवरेना. रॅकेट मागे नेणं नाही, जोर नाही. भट्टीत ट्रे सारावा तसा तो रॅकेट नुसती पुढे सारायचा, आणि बॉल जाळीला जेमतेम चुकवून साहेबांच्या पायाशी येऊन पडायचा.

"हा काय रिटर्न आहे? मार की जरा!"

"पायाशी आला की उचलायला जड जातो, दादा."

"मला कुठे जड गेला? माझं लक्ष नव्हतं." पुढचा बॉल पुन्हा पायाशी पडला, आणि पुन्हा साहेबांचं लक्ष नव्हतं.

पहिल्या आठवड्यात सगळं ठीक चाललं. दुसऱ्या आठवड्यात मात्र शंभरातल्या ऐंशीचे सत्तर झाले. तिसऱ्यात पंचावन्न. बॉल जाऊन जाळीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर आपटायचा आणि साहेबांच्याच बाजूला गडगडत यायचा. आधी त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग उन्हाला, मग रॅकेटच्या तारांना. तारा बदलून आणल्या. मग एके दिवशी त्यांनी साडूचे हात पाहिले.

"तुझ्या हाताचं पीठ बॉलला लागतं. त्याने बॉल जड झालेत."

"हात धुऊन येतो मी, दादा."

"कसा धुतोस ते मला माहीत आहे." साहेब बॉल कचेरीत घेऊन गेले आणि सोन्याच्या वजनांसाठी ठेवलेल्या नाजूक काट्यावर त्यांनी तो तोलला. सत्तावन्न ग्रॅम. बरोबर हवा तेवढा. कचेरीतला कारकून बघत होता, त्याच्यावर ते विनाकारण खेकसले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यांना कचेरीतून दिसे. बॉल मोजला, तारा मोजल्या, रेषा मोजल्या. समोर बांधलेली जाळी मोजावी असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण ती त्यांनी स्वतः बांधली होती.

चौथ्या आठवड्यात साडूने धीर केला. "दादा, बॉल जरा वर फेकून बघा. तुम्ही हातभर फेकता आणि तो खाली येताना गाठता. वर असतानाच मारा. गुडघेही थोडे वाकवा."

"तू मला शिकवणार? पाव फुगवण्याइतकं सोपं नसतं हे."

"नाही, पाव फुगवणं अवघड असतं," साडू म्हणाला आणि कुंपणाजवळचे बॉल गोळा करायला गेला.

त्याची पाठ वळलेली बघून साहेबांनी चोरून एक बॉल उंच फेकला, गुडघे वाकवले आणि मारला. बॉल जाळीच्या हातभर वरून गेला आणि सर्व्हिसच्या चौकोनाच्या कोपऱ्यात पडला. त्यांनी आणखी एक मारला. तोही आत. कपाळावरची आठी गेली. साडू परत आला तेव्हा साहेब म्हणाले, "आज मला एक युक्ती सुचली. बघ आता." साडूने बघितलं. "छान आहे की," म्हणाला आणि पलीकडे जाऊन रिटर्नला उभा राहिला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी आकडा पुन्हा सत्तरवर आला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी बाकं भरली. साहेबांचा सामना म्हणजे क्लबची करमणूक असे. समोर दातांचा डॉक्टर आणि वकील ही जोडी होती, दोघांच्या जिभा रॅकेटपेक्षा जोरात चालायच्या. सेक्रेटरीने नेहमीच्या रीतीने जाळी मापली. मधोमध एक रॅकेट उभी धरली, तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं तोंड आडवं ठेवलं, इथवर जाळी आली की झालं. साहेबांना असल्या ढोबळ मापावर विश्वास नव्हता. त्यांनी दरवर्षीप्रमाणे टेप काढला, जाळीला लावला, आणि वाचून दाखवलं, "एक्क्याण्णव पूर्णांक चार सेंटिमीटर. बरोबर." बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं.

पहिल्याच गेमला साहेबांची सर्व्हिस होती. बाकावरचे लोक पुढे सरकून बसले. साहेबांनी बॉल उंच फेकला आणि मारला. आत. दुसरा, आत. तिसरा जाळीत गेला, पण त्याच्यामागचा आत पडला. लोक मागे टेकून बसले आणि एकमेकांकडे बघायला लागले. वकील जोरात सर्व्हिस करून जाळीकडे धावायचा, आणि साडू तो बॉल ट्रेसारखा सारून त्याच्या बुटांशी ठेवायचा. वकील वाकायचा, बॉल उचलून जाळीत घालायचा आणि दातांच्या डॉक्टरकडे बघायचा. दोन तास चाललं. साहेबांचे डबल फॉल्ट अख्ख्या सामन्यात तीन. शेवटचा पॉइंट त्यांच्याच सर्व्हिसवर मिळाला आणि ते जिंकले.

चार वर्षांनी जिंकलेला माणूस गप्प कसा बसेल? क्लबच्या खोलीत चहाचा कप हातात घेऊन साहेब उभे राहिले. "सगळी गंमत बॉल वर फेकण्यात आहे. हे मी स्वतः शोधलं. शिवाय मातीही सुधारली आहे. पार्टनरचं म्हणाल तर, ठीक आहे. सांभाळून घेतलं मी." साडू खिडकीशी उभा राहून चहा पीत होता.

दातांच्या डॉक्टरला हरल्याचं आधीच झोंबलं होतं. "साहेब, एक विचारू? मागच्या कोर्टाची जाळी वर कोणी केली हो? आमची चार वर्षांची करमणूक गेली."

"जाळी वर? म्हणजे?"

"अहो, सोडा," वकील म्हणाला. "ह्यांना अजून माहीतच नाही." आणि सगळी खोली हसली. शिक्षक हसला, वायरमन हसला, सेक्रेटरीने कपात तोंड घातलं. साहेबांनी त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं, कप ठेवला आणि ते बाहेर पडले.

मागचं कोर्ट रिकामं होतं. साहेब जाळीपाशी गुडघ्यावर बसले. पट्टा नव्या भोकात होता. जुनं, शेवटचं भोक ओढून लांबलं होतं आणि त्याच्याभोवती बकलाचा गंज काळा पडला होता. तिथून इथवर आठ भोकं. त्यांनी टेप लावला, एक्क्याण्णव पूर्णांक चार. मग पट्टा ओढून पुन्हा त्या जुन्या भोकात अडकवला आणि मोजलं. त्र्याऐंशी. चुकलं असेल म्हणून परत मोजलं. परतही त्र्याऐंशीच. आठ सेंटिमीटर कमी. एखाद्या दुकानदाराकडे एवढं कमी निघालं असतं तर त्यांनी त्याला महिनाभर झोपू दिलं नसतं.

चार वर्षं ते ह्या बुटक्या जाळीवरून ऐंशी सर्व्हिस मारून छाती फुगवत घरी गेले होते, आणि चार वर्षं सगळा क्लब बघत होता. शिक्षकाची मान आठवली. वळून वळून सॉरी म्हणणारे चौघे आठवले. साहेबांना लाज वाटली. एवढ्या वयात पहिल्यांदा, आणि म्हणून जरा जास्तच वाटली.

"दादा, पुढची फेरी तीन वाजता आहे," मागून साडूचा आवाज आला. त्याच्या हातात पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

"हे तू केलंस?"

"हो. चार-पाच दिवसांनी एक भोक. एका भोकाने नखभरच वर जाते. एकदम केली असती तर तुमच्या लक्षात आलं असतं."

"आणि सगळ्यांना माहीत होतं?"

"होतं."

"तुलाही? चार वर्षं?"

"मलाही. मीही त्या बाकावर बसून हसलोय दादा, खोटं कशाला बोलू? पण यंदा तुमच्या शेजारी माझं नाव लागलं. मग हसून कसं चालेल?"

"तोंडाने सांगता येत नव्हतं?" साहेबांचा आवाज चढला. सवय जात नाही.

साडूने एक बाटली त्यांच्यापुढे धरली. "सांगितलं असतं तर तुम्ही मला खोटं पाडायला टेप काढला असता. लोक जमले असते. चारचौघांत आपलं माप कमी भरलं की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे."

साहेबांनी बाटली घेतली, पण झाकण उघडलं नाही. त्यांनी विचारलं, "लोक अजून पाव तोलून बघतात?"

"एखाद-दोघं. म्हातारी माणसं. त्यांना सवय लागली आहे."

आता साहेबांनी काहीतरी बोलायला हवं होतं. साधे दोन शब्द, कुठल्याही शहाण्या माणसाला जमतील असे. पण साहेबांना ते जमले नाहीत. ते खाली वाकले, पट्टा पुन्हा वर सोडला, नव्या भोकात बसवला, आणि गुडघ्याची माती झटकत कोर्टाबाहेर गेले.

तीन वाजता बाकं पुन्हा भरली, सकाळपेक्षा जास्त. जाळीची गोष्ट तोवर सगळीकडे पोचली होती. सेक्रेटरीने दोन रॅकेटींनी जाळी मापली. दातांचा डॉक्टर बाकावरून ओरडला, "साहेब, टेप! टेप विसरलात!" बाकं हसली. हे हसू साहेब चार वर्षं ऐकत आले होते, पण आजच ते त्यांच्या कानात शिरलं.

त्यांनी खिशातून टेप काढला. जाळीपाशी गेले नाहीत. साडूच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू मोज."

साडूने मोजलं. "बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"मोठ्याने सांग."

"दादा, जाऊ दे."

साहेब बाकांकडे वळले. काट्याला सील ठोकताना काढायचे तोच आवाज त्यांनी काढला, रांगेतल्या शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचणारा. "बेकरीवाल्याने मोजलंय. बरोबर आहे. ह्याच्या मापात पाप नाही. तेव्हाही नव्हतं, स्प्रिंग सैल होती. मला ते तेव्हाही माहीत होतं."

बाकांवर कोणी हसलं नाही. धाकटी मागच्या रांगेत ताईशेजारी बसली होती, तिने मान खाली घातली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

सर्व्हिस साहेबांची होती. साडू पुढे जाऊन जाळीजवळ उभा राहिला, पाठ साहेबांकडे. साहेबांनी बॉल उंच फेकला आणि मारला. जाळीत. दुसरा फेकला. तोही जाळीत. सगळी बाकं थांबली, आता साहेब त्या पाठीकडे रोखून बघणार म्हणून.

"सॉरी," साहेब म्हणाले.

साडू वळला नाही. हा शब्द साहेबांच्या तोंडून आला असेल असं त्याला वाटलंच नाही. मग साहेबांना तो पुन्हा म्हणावा लागला.